जुना रंग काढण्याआधी : आमच्या चौरंगाच्या चार पायांची नोंद

दर वर्षी आषाढ सरत आला की मला दोन-चार फोन हमखास येतात. चवथ महिन्यावर आलेली असते. कोणीतरी माळ्यावरून गणपतीचा चौरंग नाहीतर देव्हारा खाली काढलेला असतो आणि त्यावरचा ऑइल पेंट फुगून सुटायला लागलेला असतो. प्रश्न ठरलेला: “जुना रंग पूर्ण काढून लाकडाला पॉलिश करायचे आहे. काय लावू?” मी इंजिनीअर, त्यातून जुन्या वस्तूंच्या मागे लागलेला माणूस, म्हणजे मला हे ठाऊक असणारच असा लोकांचा समज. मी फोनवर एवढेच सांगतो की आत्ता काही लावू नका, मी येऊन बघतो. त्यावर काही जण नाराज होतात. फोनवर सगळे सांगता येत नाही म्हणून हे टिपण.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्ये. मी खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि डिचोली तालुक्यातल्या हजारो घरांसारखा मीही एकदम रिकामा झालो. घरातल्या जुन्या वह्या, मोडी कागद, फोटो काढून बसायची सवय तेव्हा लागली. इतिहास कुठे शिकलेलो नाही. जे काही येते ते मंडळातल्या मोठ्या माणसांनी चुका दाखवून दाखवून शिकवलेले आहे. खाली सांगतो ती चूक मात्र माझी मलाच सापडली, आणि उशिरा सापडली.

आमचे जुने घर साखळीच्या बाजाराच्या खालच्या अंगाला, वाळवंटी नदीपासून फार लांब नाही. घरात एक फणसाच्या लाकडाचा चौरंग आहे, कातीव पायांचा. माझी आजी बांद्याच्या बाजूची. तिच्या लग्नात माहेरून आलेला हा चौरंग, एवढे घरात सगळ्यांना माहीत होते. मला आठवतो तेव्हापासून तो हिरवा होता. माझ्या लग्नाच्या वेळी त्याला चॉकलेटी इनॅमल फासले. २०१४ च्या चवथीआधी मी ठरवले की आता हातात वेळ आहे, सगळा रंग उतरवू आणि फणसाचे सोनेरी लाकूड मोकळे करू.

वर्कशॉपचा माणूस लाकडाकडेही लोखंडासारखाच बघतो. एका पायाला मी कॉस्टिक सोड्याचे पाणी लावले. रंग साबणासारखा सुटला, पण पाणी गडद पिवळे-तपकिरी झाले आणि पाय काळवंडला. फणसाच्या गाभ्यात पिवळा रंग असतो. ब्रह्मदेश, थायलंड या बाजूला बौद्ध भिक्षूंची वस्त्रे त्यातच रंगवत. सोड्यासारखा क्षार तो रंग बाहेर ओढतो आणि उरलेल्याचा सूर बदलतो. शिवाय लाकडाचे तंतू उभे राहतात. जुन्या सामानाचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात, तो सरसही सैल होतो. हे सगळे मी नंतर वाचले. दुसऱ्या पायाला हॉट एअर गन लावली. रंगाला फोड आले, पात्याने सपासप निघाले, आणि तळाशी काहीतरी तांबडे, चिकट, मधासारखे वितळून टपकले. मला वाटले जुना प्रायमर असेल. तिसरा पाय सरळ ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घासला. वसरीभर बारीक धूळ झाली.

चौथ्या पायाला हात घालणार तोच आमच्या घरी पूर्वीपासून काम करणारे म्हातारे मेस्त आले. त्यांनी जमिनीवर टपकून थिजलेला तो तांबडा थेंब नखाने उचलला, काडी पेटवून जरा धरला आणि वास घेतला. “बाब, हो रंग न्हय,” ते म्हणाले, “ही लाख.”

ते खरे होते. चौरंग चितारी कामाचा होता. सावंतवाडीची चितारआळी आणि आपल्याकडे कुंकळ्ळी ही या कामाची नावाजलेली ठिकाणे. चरकावर लाकूड फिरते ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडाला बसते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणायची, अशी ही रीत. सपाट भागावर वेलबुट्टी हाताने काढून वर लाखेचा हात देतात. पाट, चौरंग, पाळणे अशा लग्नात द्यायच्या वस्तू अशाच रंगवल्या जात. सावंतवाडीत हे काम मोडकळीला आले होते, ते शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभे केले. म्हणून आज सावंतवाडीची फळे आणि गंजिफा आपल्याला माहीत आहेत. माझ्या आजीच्या लग्नातला एक नग माझ्या घरात होता आणि मी एका दुपारी त्याचा तीन चतुर्थांश भाग धुऊन, जाळून आणि घासून टाकला होता.

लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते. हॉट एअर गनच्या तोंडाशी तीनशे-चारशे अंश सहज असतात. जी गोष्ट उष्णतेने लाकडावर बसवली, ती उष्णतेने उतरणारच. एवढा साधा हिशेब मी केला नव्हता.

मग चौथ्या पायाशी मी सहा महिने बसलो.

खाणीवर खनिज कुठे आहे हे बघायला बोअर मारतात आणि आतून मातीचा लांब गोल दांडा बाहेर काढतात. वर लॅटराइट, मग माती, मग कच्चे खनिज, असे थर मोजून त्याची नोंद ठेवतात. तेच इथे करायचे. पायाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला एक जागा निवडली. सर्वांत बारीक पॉलिश पेपर ओला करून बोटाच्या टोकाने एकाच ठिकाणी हळूहळू गोल घासत गेलो. मध्यभागी खड्डा लाकडापर्यंत जातो आणि भोवती प्रत्येक थराची एक-एक कडी दिसते, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी. रुपयाच्या नाण्याहून मोठी जागा लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, घड्याळदुरुस्तीवाले वापरतात ते, एवढे पुरे.

आमच्या पायावर बाहेरून आत असे थर निघाले: चॉकलेटी, हिरवा, लाल प्रायमर, पांढरा आणि सर्वांत आत तांबडी लाख, तिच्यावर पिवळी बारीक रेघ. चॉकलेटी माझ्या लग्नाचा, १९९६. हिरवा वडिलांच्या आठवणीप्रमाणे सत्तरच्या दशकातला. लाल प्रायमर काकांनी आणलेला. ते बार्जवर होते, आणि त्या काळी आमच्या भागात कित्येक घरांच्या जनेलांना, फाटकांना आणि गोठ्याच्या दारांनासुद्धा तोच लाल रंग असायचा. लोखंडाला लावायचा रंग गणपतीच्या चौरंगाला कसा, असे आज वाटते. पण डबा उरला होता आणि चवथ आली होती. खाणीचा काळ आमच्या घरात असा रंगातूनही दिसतो.

राहिला पांढरा. त्याचे उत्तर कागदात मिळाले. आमच्याकडे एक फोटो आहे, मागे शाईने १९६२ लिहिलेले, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरची पहिली चवथ. त्यात माटोळीखाली चौरंग दिसतो. तो फिका आहे, नक्षी नाही. म्हणजे तोवर लाख झाकली गेली होती. आणि आजोबांच्या खर्चाच्या वहीत एक ओळ आहे: चौरंग पिंतूर व पाट २, एक रुपी चार टांगे. वहीची पहिली पाने गेली आहेत, साल कुठे नाही. पण पोर्तुगीज अमलातली रुपी सोळा टांग्यांची. १९५८-५९ मध्ये तिच्या जागी एस्कुदो आला, एका रुपीला सहा. या वहीत एस्कुदो कुठेही नाही. तेव्हा पांढरा रंग त्याच्या आधीचा धरायला हरकत नाही. (जुन्या माणसांच्या तोंडी टांगे पुढेही राहिले, हे मान्य. पण आजोबा हिशेबाला पक्के होते, सरकारी नाणे बदलल्यावर ते टांग्यांत लिहीत बसले नसते.)

प्रश्न असा की लग्नात आलेला, लाखेचा चकाकता चौरंग कोणी पांढऱ्या रंगाने का झाकेल? त्याचे कारण मला पायाच्या तळाशी दिसले. चौथ्या पायावरचा पांढरा रंग मी खालून वर सोलत गेलो तेव्हा जमिनीपासून सुमारे ७ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चार बोटे, आतली लाख पांढुरकी पडलेली, फुगलेली आणि जागोजागी उडालेली निघाली. त्याच्या वर ती चांगली होती, तांबडी आणि घट्ट. मधली रेघ बरीचशी सरळ. लाखेवर पाणी फार वेळ राहिले की ती अशीच पांढरी पडते. पॉलिश केलेल्या टेबलावर ओला पेला ठेवला की गोल डाग उठतो, तेच हे.

वाळवंटीचे पाणी बाजारात चढते हे साखळीकरांना सांगायला नको. आणि वहीत चौरंगाच्या ओळीच्या एक पान आधी भात वाळवायची मजुरी लिहिलेली आहे. घरात पाणी शिरले, भात भिजले, चौरंगाचे पाय भिजले, लाख बिघडली, पुढच्या चवथीला तो पांढरा रंगवून घेतला. गोष्ट छान जुळते. आणि ती खरी असेल तर आमच्या घरात त्या पुरात पाणी किती चढले याचे माप माझ्या हातात होते. घराच्या जोत्याची उंची माहीत आहे, देवाच्या खोलीची पायरी माहीत आहे, वर चार बोटे. कुठल्याही कागदात न सापडणारी पूरपातळी.

मंडळाच्या बैठकीत मी हे उत्साहाने मांडले. तेव्हा एका सभासदांनी शांतपणे विचारले, बाकीच्या तीन पायांवर रेघ कुठे आहे?

तिथे मी गप्प झालो. त्यांचे म्हणणे असे. पुराचे पाणी असेल तर चारही पायांवर रेघ एका उंचीला येणार. चौरंग गळक्या भिंतीशी ठेवला असेल तर भिंतीकडचे एक किंवा दोन पाय भिजणार, पुढचे कोरडे राहणार. जमीन शेणाने सारवताना पाय ओले झाले असतील तर डाग बोटभरच, पण चारही पायांना. चार पाय शाबूत असते तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. एका पायावरून काहीच ठरत नाही. मी उलट एक मुद्दा मांडला की चौरंग तरंगला नसणार: चार बोटे पाण्यात फक्त पायांची टोके बुडतात, तेवढ्याने वरची फळी उचलली जात नाही, तेव्हा रेघ ही पाण्याचीच उंची असली पाहिजे. हिशेब बरोबर आहे, पण तो त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नाही. उत्तर असलेले तीन पाय मी सोड्यात, आगीत आणि धुळीत घालवले होते. मंडळाच्या नोंदीत आज ती पातळी ‘संशयित’ म्हणून आहे. ती तशीच राहणार.

आता त्या धुळीबद्दल, कारण दुसरी चूक त्याहून वाईट होती.

मी ग्राइंडर चालवला तेव्हा पुतणी चवथीसाठी माहेरी आलेली होती, तिचा दीड वर्षाचा मुलगा त्याच वसरीत रांगत होता. धूळ झाडून काढली, काम संपले. दोन-तीन महिन्यांनी थरांचा अभ्यास सुरू केल्यावर मी पांढऱ्या थरावर सोडियम सल्फाइडच्या पाण्याचा एक थेंब टाकला. कुजक्या अंड्याचा वास आला आणि पांढरा डाग डोळ्यांदेखत काळा झाला. शिसे. जुना पांढरा रंग म्हणजे सफेदा, शिशाचा. असा रंग वाळल्यावर त्याच्या वजनात निम्म्यापर्यंत शिसे असू शकते. जस्ताचा किंवा आजचा टायटॅनियमचा पांढरा असा काळा पडत नाही.

घरच्यांना सांगणे भाग होते. मुलाचे रक्त तपासायला दिले, माझेही. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत पुतणी माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि तिचे बरोबरच होते. मुलाचा आकडा १०० मिलिलिटर रक्ताला ५ मायक्रोग्रॅमच्या आत आला. जागतिक आरोग्य संघटना आज ५ ही रेषा धरते, तिच्या वर गेले की शिसे कुठून येते ते शोधून बंद करा असे सांगते. आत असला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून कोणतीच ठरलेली नाही, आणि लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. माझा आकडा मुलापेक्षा जास्त होता. खाणीवर इतकी वर्षे धूळ खाल्लेला माणूस मी, पण ही मी स्वतः उडवलेली.

शिसे आपल्याला परके नाही. मारुतीला, गणपतीला लावतो तो खरा शेंदूर म्हणजे शिशाचाच तांबडा भस्म, दर शंभर भागांत नव्वद भाग शिसे. लोखंडाला गंज लागू नये म्हणून तोच प्रायमरमध्ये घालत. पिवळ्या-हिरव्या जुन्या इनॅमलमध्ये शिशाचे क्रोमेट असायचे. जगाला धोका फार पूर्वीच कळला होता. घराच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हाला १९२१ मध्ये झाला. अमेरिकेने घरगुती रंगांतले शिसे १९७८ मध्ये बंद केले. आपल्याकडे घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा नियम २०१६ चा, आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणून माझा साधा ठोकताळा: २०१७ च्या आधीचा कुठलाही ऑइल पेंट, मग तो कितीही ‘नवा’ वाटला तरी, शिशाचा आहे असे धरून चालायचे.

म्हणजे कोरडे घासणे बंद. ग्राइंडर, सँडर तर नाहीच. घासायचेच असेल तर पाणी लावून, खाली जुने प्लास्टिक अंथरून, मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. तोंडाला हातरुमाल पुरत नाही, घट्ट बसणारा एन-९५ तरी हवा. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे आणि फडके टाकून द्यायचे. कपडे वेगळे धुवायचे, जेवायच्या आधी हात-तोंड साबणाने. खरवडलेला रंग प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा. तो माडाच्या आळ्यात टाकू नका, नदीत तर मुळीच नको. हे सांगतो तेव्हा लोक हसतात. मीही हसलो असतो.

आता लोकांचा मूळ प्रश्न: काय लावू? ते आत काय आहे त्यावर ठरते, आणि ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. कापसाचे चार बोळे घ्या. न दिसणाऱ्या जागी पहिला बोळा कोमट पाण्याचा: रंग उतरला तर तो डिंकाचा, खळीचा किंवा डिस्टेंपर. दुसरा स्पिरिटचा, सुतार पॉलिशला वापरतात त्याचा: चिकट झाले, बोळ्याला तांबूस-पिवळे लागले तर लाख आहे, म्हणजे चितारी काम किंवा जुने स्पिरिट पॉलिश. तिसरा थिनरचा: विरघळले तर अलीकडचे फवाऱ्याचे लॅकर. चौथ्या बोळ्याला नेहमीचे टर्पेंटाइन लावून पुसा: नुसता मळ आणि मेण निघेल. या चारींना दाद देत नाही तो ऑइल पेंट किंवा इनॅमल. हे प्रत्येक थरावर वेगळे करायचे असते, म्हणून आधी तो नाण्याएवढा खड्डा.

नुसते जुने स्पिरिट पॉलिश निघाले तर ते काढायची गरजच नसते. कापसाची पुरचुंडी कापडात बांधून, स्पिरिटमध्ये थोडी चपडा लाख घालून हलक्या हाताने फिरवली की जुनी लाख पुन्हा मऊ होऊन एकसारखी बसते. आमच्याकडची एक शिसवी कदेल, म्हणजे खुर्ची, मी अशीच केली. लोक विचारतात नवी घेतली काय. पण पावसात हे करू नका. हवेतली ओल लाखेत अडकते आणि वर पांढरे ढग येतात. आषाढात येणाऱ्या फोनांना मी नाही म्हणतो त्याचे अर्धे कारण हे. ही कामे चैत्र-वैशाखातली.

इनॅमलच्या खाली सरळ लाकूडच असेल, दुसरा काही जुना थर नसेल, तर बिनधास्त काढा. हॉट एअर गन कमी तापमानावर, एका जागी न थांबता, आणि मऊ झालेला रंग बोथट पात्याने. फार तापवले तर, साधारण सहाशे अंशांच्या वर, शिशाचीच वाफ होते. स्टोव्हसारखी पेटती बत्ती वापरायची जुनी पद्धत म्हणूनच वाईट. बाजारात मिळणारे पेंट रिमूव्हर घेताना डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिले आहे का ते बघा. हे द्रव ४० अंशांनाच उकळते, म्हणजे आपल्या मे महिन्यात डबा उघडला की वाफ. ती हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचते, आणि शरीरात गेली की तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद न्हाणीघरात टबाचा रंग काढताना माणसे मेलेली आहेत. युरोपने घरगुती वापराला ते आधीच बंद केले, अमेरिकेने २०१९ मध्ये. ते नसलेले, हळू काम करणारे जेल मिळते. एक रात्र लावून प्लास्टिकने झाकून ठेवायचे. कॉस्टिक सोड्याबद्दल मी वर सांगितलेच. फणस, सागवान, किंदळ, कशालाही तो लावू नका.

आणि खाली लाख निघाली तर? मग यातले काहीच चालत नाही. उष्णतेने ती वितळते आणि बहुतेक रिमूव्हरमध्ये स्पिरिटच्या जातीचे द्रव असतात, ते तिला विरघळवतात. वरचा इनॅमल निघायच्या आत खालची लाख जाते. राहते एकच, हात. शस्त्रक्रियेचे बारीक पाते, भिंग आणि बाजूने पडणारा दिवा. आमच्या बाबतीत नशीब असे की तेव्हा पांढरा रंग देणाऱ्या पिंतुरने लाख घासून खरखरीत केली नव्हती. गुळगुळीत लाखेवर सफेदा नीट धरला नाही, पाते तिरके घातले की खपली सुटते आणि तिच्याबरोबर वरचे तिन्ही थर येतात. तरी तासाला दोन-तीन चौरस सेंटिमीटरपेक्षा पुढे जात नाही. मान आखडते. पायाचा वरचा अर्धा भाग आणि फळीच्या खालची एक पट्टी एवढेच मी आजवर मोकळे केले आहे. त्या पट्टीवर पिवळ्या फुलांची वेल आहे, मध्ये एक पोपट असावा. शेपूट स्पष्ट आहे, चोच अजून पांढऱ्याखाली.

काहीजण म्हणतात, एवढे कशाला, चौरंग तज्ज्ञांकडे द्या. मोठ्या संग्रहालयाची वस्तू असती तर दिलाच असता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत ही कामे शास्त्रीय पद्धतीने होतात. देवळाचा कोरीव खांब, पालखी, रथ असे काही असेल तर देवस्थान समितीने त्यांनाच विचारावे, वर्गणी काढून इनॅमल फासू नये आणि वर्गणी काढून ते खरवडूही नये. देवळांच्या भिंतींवरची कावी आपण पांढऱ्या चुन्याखाली आणि नंतर प्लास्टिक रंगाखाली घातली, ते कमी झाले नाही. पण घरचा चौरंग दर वर्षी चवथीला लागतो. तो लखनौला कोण पाठवणार?

आता आमच्या घरी असे ठरले आहे. उघडे पडलेले तीन पाय मी चपडा लाखेच्या पातळ हाताने बंद केले, काळवंडलेला काळाच ठेवला. चौथा पाय जसा आहे तसा: खाली चार बोटे बिघडलेली लाख, वर तांबडी, आणि एका बाजूला चॉकलेटीपासून आतपर्यंतचे सगळे थर दाखवणारी बोटभर पट्टी, तिला मी हात लावत नाही. गणपती बसतो तेव्हा तो पाय भिंतीकडे असतो. पुतणीचा मुलगा आता मोठा झाला, चवथीला आला की वाकून पोपट किती बाहेर आला ते बघतो.

बाजारातल्या आणि नदीकाठच्या जुन्या घरांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे लाकडाचे जे जुने सामान जमिनीला टेकून असेल, पेटारा, माचा, देव्हारा, जिन्याचा पहिला खांब, त्याचे रंगकाम काढायच्या आधी खालचे वीतभर एकदा दिव्याने तिरके बघा. जमिनीशी समांतर रेघ दिसली, रंग एका उंचीपर्यंतच फुगलेला दिसला, तर जमिनीपासून तिची उंची मोजा, सगळ्या पायांवर मोजा, आणि ती वस्तू कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीशी असायची ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहून ठेवा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. मंडळात आणून दिलेत तर माझ्या एका पायाला सोबत मिळेल.